हिरव्या टेबलावरची पावडर

बेलारूस देशातली एक बाई बिलियर्ड्स खेळते. नात तिच्या मॅचेस मला टॅबवर लावून देते. मी बघायला लागले त्या वर्षी ती फायनलला हरली, पुढच्या वर्षीही हरली आणि तिसऱ्या वर्षी जिंकली. कप हातात असूनही ती टेबलाकडेच बघत होती.

लग्नाआधी मी कॅरम खेळायचे. चौथीनंतर शाळा सुटली, पण कॅरम सुटला नव्हता. तो सासरी आल्यावर सुटला.

इथे परदेशात आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, खाली बिलियर्ड्सचं टेबल आहे. एकदा तरी आपण बॉल मारावा असं फार वाटायचं. मी बोलले नाही, पण सुनेने ओळखलं आणि रविवारी एक तास टेबल बुक केलं. मी कमरेला पावडरची पुडी खोचून नेली. सून काठी आणायला वळली, तेवढ्यात मी त्या हिरव्या कापडावर पावडर पसरली, बॉल नीट सरकावेत म्हणून.

“आजी, कॅनॉट लाह!” असं चालत नाही, हे नात इथल्या इंग्रजीत ओरडली.

“अहो आई, हा कॅरम नाहीये!” सुनेला हसू आवरेना.

मग आम्ही तिघी रुमालांनी कापड झटकत राहिलो. पुढचे लोक दाराशी आले, तेव्हा तास संपला होता आणि मी काठीला हातही लावला नव्हता.

आता टॅबवर ती बाई वाकून नेम धरते तेव्हा मी श्वास रोखते. पुन्हा टेबल बुक कर, असं सुनेला सांगायचं रोज ठरवते आणि भाजी निवडत बसते.