मॉनिटर झोपलाय, भाऊ!

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पार्ट कमी आणि किस्से जास्त साठतात. पार्ट निदान भंगारात देता येतात, किस्से कोण घेणार? जळगावात माझं छोटंसं वर्कशॉप आहे, धुळ्याकडचे कॉल माझा पार्टनर रवी बघतो. आम्हाला येणाऱ्या फोनपैकी निम्मे एकाच आजाराचे. पडदा काळा, बटणाजवळचा दिवा पिवळा, आणि पडद्यावर दोन सेकंद ‘पॉवर सेव्हिंग मोड’ असं येऊन गुडूप. गिऱ्हाईक म्हणतं, “मॉनिटर झोपलाय, भाऊ. उठतच नाही!”

*

एका डाळ मिलमधून नानांचा फोन आला. नाना तिथले जुने मुनीम. “लगेच या, मॉनिटर झोपलाय.”

गेलो. मॉनिटर झोपलेला होता हे खरं. पण टेबलाखाली वाकून बघतो तर जागा रिकामी!

“नाना, सीपीयू कुठाय?”

“तो होय? तो अंगणात आहे.”

अंगणात ताडपत्रीवर हरभऱ्याची डाळ वाळत होती. तिच्या शेजारी, झाकण उघडून, सीपीयू वाळत होता.

“आत डाळीची पूड फार झाली होती हो,” नाना म्हणाले, “म्हणून सकाळी स्वच्छ धुतला.”

मी सीपीयू तिरका केला, आतून पाणी गळलं. नाना पुढे म्हणाले, “पण मला एक कळत नाही. मॉनिटरला तर आम्ही हातसुद्धा लावला नाही, मग तो का रुसला?”

*

ठिबकच्या नळ्या विकणारे एक आबा आहेत. त्यांचा फोन म्हणजे थेट खान्देशी. “भाऊ, बठ्ठं करी पाहं! लाईट चालू शे, पन चित्र येत नही!” म्हणजे सगळं करून पाहिलं, दिवा लागतो पण चित्र येत नाही.

मी म्हटलं, “आबा, माउस हलवा.”

“हलवला.”

“जरा जोरात हलवा.”

“भाऊ, आता खांदा दुखायला लागला.”

शेवटी गाडी काढून गेलो. कीबोर्डचं एक बटण दाबलं, पडदा लख्ख! माउस वायरलेस होता. पालथा करून पाहिला, तर आत सेलच नाही.

“सेल घड्याळाला घातला,” आबा शांतपणे म्हणाले. “दुकानात येणारा प्रत्येक जण आधी घड्याळ बघतो. माउस कोण बघतं?”

“मग कीबोर्ड तरी दाबायचा!”

“तुम्ही माउस म्हणालात ना!”

*

रवी एका गावातल्या शाळेत गेला होता. कॉम्प्युटर रूममध्ये अकरा मशीन, त्यातलं एक झोपलेलं. रवीनं सीपीयू उघडला, रॅमची पट्टी काढली, एका विद्यार्थिनीचं खोडरबर मागून घेतलं, पट्टीचे सोनेरी दात घासले, परत बसवली. मॉनिटर जागा झाला.

मुख्याध्यापक बघत होते. “एवढंच?”

“एवढंच, सर.”

चार दिवसांनी त्यांचाच फोन. “ताबडतोब या. अकराही झोपलेत!”

रवी गेला. अकरा सीपीयू उघडे, टेबलावर रॅमच्या पट्ट्यांचा ढीग, कुठली कुठल्या मशीनची ते कोणालाच माहीत नाही. दोन तर उलट्या ठोकून बसवलेल्या.

“सर, चालू होती ती मशीन कशाला उघडली?”

“प्रतिबंधक उपाय!” सर म्हणाले.

*

दीपनगरच्या कॉलनीत मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणारे एक रिटायर काका. सगळी नोकरी वीज केंद्रात गेलेली. त्यांचा मॉनिटर दर दोन मिनिटांनी ‘पॉवर सेव्हिंग’ दाखवून झोपायचा. माझी वाट बघत ते समोर खुर्ची टाकून बसले होते, रागानं लालबुंद.

“आयुष्यभर आम्ही वीज तयार केली. आणि हा डबा आम्हाला वीज वाचवायला शिकवतो?”

केबल मागून सैल झाली होती. मी स्क्रू आवळले. पडदा उजळला, तरी काकांचा राग उतरेना.

“त्याला सांगून ठेवा,” ते म्हणाले, “हवी तेवढी घे म्हणावं. कमी पडली तर मी बोलतो वर!”

*

शिंदखेड्यात प्रवीणचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर आहे. सेंटर म्हणजे एक कॉम्प्युटर आणि दोन खुर्च्या. एका नोकरभरतीची शेवटची तारीख, संध्याकाळी सहाला साइट बंद होणार. पावणेसहाला त्याचा फोन आला, रवी उचलेना म्हणून मला. “भाऊ, लाईट झपकली आणि मॉनिटर झोपला! समोर ताई बसल्यात, फॉर्म अर्धा भरलाय.”

ताईंचं नाव वैशाली. सकाळपासून रांगेत होत्या, आणि भरतीसाठी वयाची अट पाहता त्यांची ही शेवटची संधी.

मी म्हटलं, “कॅप्स लॉक दाब. कीबोर्डवरचा दिवा लागतो का?”

“लागतो. परत दाबला की विझतो.”

“म्हणजे मशीन जागी आहे, फक्त दिसत नाही. रीस्टार्ट करू नको, साइट पुन्हा उघडणार नाही. काय राहिलंय?”

“परीक्षेचा जिल्हा, कबुलीची खूण आणि सबमिट.”

“आज किती फॉर्म भरलेस?”

“चाळीसेक.”

“मग डोळे मिटून भर!”

फोन स्पीकरवर होता. प्रवीण पुटपुटत टॅब मोजायला लागला. जिल्ह्यापाशी आला आणि थांबला. “भाऊ, D एकदा दाबलं की धाराशिव येतं, दोनदा दाबलं की धुळे. तिसऱ्यांदा चुकून दाबलं तर परत धाराशिव!”

“मग दोनदा दाब आणि हात उचल.”

मागून वैशालीताईंचा आवाज आला, “धाराशिव किती लांब आहे हो?”

“खूप,” प्रवीण म्हणाला. “घाबरू नका, दोनदाच दाबतो.” “दोनदा दाबलं. थांबा, घाम पुसतो.” मग फोनवर बटणांचा आवाज आला, टॅब, स्पेस, टॅब, एंटर. पाच मिनिटं गेली. मग ताईंच्या मोबाइलवर मेसेज वाजला. अर्ज मिळाला!

महिन्याभरानं हॉल तिकीट आलं. केंद्र, धाराशिव. प्रवीण आठ दिवस सेंटरमध्ये तोंड लपवून बसला. ताई मात्र बॅग भरून गेल्या, परीक्षा देऊन आल्या आणि पासही झाल्या. पेढे घेऊन आल्या त्या दिवशी मी तिथंच नवी केबल बसवत होतो.

प्रवीण हात जोडून म्हणाला, “ताई, आईशप्पथ सांगतो, मी D दोनदाच दाबलं होतं.”

ताईंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

“माहीत आहे, भाऊ. मला एकदा तरी घरापासून लांब जायचं होतं. तुम्ही घाम पुसत होतात, तेव्हा तिसऱ्यांदा मी दाबलं.”