बिनवल्ह्याचा डोंगा

डोंगा घ्यायचा तर आधी त्यात बसायचं, वल्हं मारून डावीकडे वळवायचा, उजवीकडे वळवायचा आणि मग जाणत्या माणसासारखी मान हलवायची, अशी कन्हानच्या काठच्या ढिवरांची रीत होती. अख्खं खोड कोरून केलेली ती नाव. एकदा घेतली की पंधरा-वीस वर्षांची सोबत. तेव्हा पारख नीट व्हायला हवी, यात कोणाचं दुमत नव्हतं. भागीरथेचंही नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की पारख करणारे सगळे पुरुष आहेत आणि सगळे चुकतात.

ही गोष्ट सन एकतीस-बत्तीसची. कामठीच्या खालच्या अंगाला नदीला एक मोठा डोह होता आणि त्यावर बारा घरांचे बारा वाटे होते. पूर ओसरला, पाणी निवळलं, की डोहाच्या डोक्यावरून डोंगे धारेला सोडायचे. वल्हं आत ठेवायचं, दोन्ही हातांनी जाळं सोडत सोडत पाण्याबरोबर खाली वाहत जायचं. मासळी बायका टोपल्यांत भरून गाडीनं नागपूरला नेत, इतवारीच्या बाजारात. भागीरथा वीस वर्षं त्या टोपल्या वाहत होती. डोंगे खाली येईपर्यंत बायकांना काठावर उभं राहण्यापलीकडे काम नसे, आणि भागीरथेला नुसतं उभं राहता येत नसे. ती बघत राही. कोणता डोंगा धारेत गरकन फिरतो, कोणता तोंड काढून पुढे पळतो आणि जाळ्याचा बोळा करतो, कोणता दर खेपेला डाव्या काठाला जाऊन चिकटतो, हे तिला पाठ होतं. आत बसलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. जाळं नीट पडलं नाही, की तो मासळीला शिव्या घालतो.

नवऱ्याला हे तिनं एकदा सांगून पाहिलं होतं. नत्थू भला माणूस, पण तो हसला. तोच नत्थू गेल्या पौषात तापानं गेला. त्याचा डोंगा आधीच चिरफळलेला होता. हिवाळ्यात तो चुलीत गेला. घरात भागीरथा उरली आणि डोळ्यांनी अधू झालेली सासू.

आश्विनात पंचांची बैठक बसली. वाटा माणसाचा नसतो, डोंग्याचा असतो, ही तिथली जुनी वहिवाट. डोह उघडायच्या सकाळी ज्याचा डोंगा पाण्यात नाही, त्याचा वाटा मोडला. मुखिया नानाजींनी हे सांगितलं आणि वर दयाही दाखवली. भागीरथेचा दीर गिरिधर भावाच्या नावानं वाटा चालवील, तिला कालवणापुरती मासळी मिळेल. गिरिधरचा स्वतःचा डोंगा होता, वाटाही होता. दोन वाटे झाले की डोहात त्याच्याएवढा मोठा कोणी राहणार नव्हता, आणि हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

कोपऱ्यात पदर सावरून बसलेली भागीरथा म्हणाली, "डोंगा मी आनतो."

कोणी अडवलं नाही. आण बापा, बरंच झालं. डोंगा आयता येईल, बसायला गिरिधर आहेच. बाईचा पाय डोंग्यात पडला की डोह रुसतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा ती स्वतः बसेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. भागीरथेनंही ते त्यांच्या मनात घातलं नाही.

पेंच जिथं कन्हानला मिळते, तिथं वाळूत वरच्या रानातला सुतार दर वर्षी नवे डोंगे आणून मांडी. त्या वर्षी चार होते. भागीरथेबरोबर गिरिधर आला, कारण बाईमाणसाला काय कळतं. आणि टोपल्यावाल्या चौघीजणी आल्या, त्यांत मुखियाची बायको रुख्मिणीही होती, कारण भागीरथेनं त्यांना सांगून ठेवलं होतं.

गिरिधरनं रीतीप्रमाणे चारही डोंगे चालवून पाहिले. लांब, निमुळता, बाणासारखा जाणारा एक त्याच्या मनात भरला. वल्हं नुसतं लावलं की वळतो, असं तो तीनतीनदा म्हणाला. शेवटचा डोंगा मात्र त्यानं अर्ध्यातूनच परत आणला. आखूड, रुंद, बुडाला पसरट; वल्हवताना त्याला घाम फुटला होता.

"हा डोंगा नोहे वं वहिनी, ढोरायची दोन आहे," तो म्हणाला. "हिच्यात सरकी घाल."

भागीरथा हसली नाही. तिनं सुताराला विचारलं, की चारही डोंगे रिकामे धारेला सोडू का. सुताराला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. वीस वर्षं तो डोंगे विकत होता. आत माणूस नाही, वल्हं नाही, अशी परीक्षा कोणी मागितली नव्हती. वाहून गेले तर? खाली आम्ही चौघी उभ्या आहोत, रुख्मिणी म्हणाली, आणि लुगडं खोचून पाण्यात उतरलीसुद्धा.

मग भागीरथेनं दगड गोळा केले. प्रत्येक डोंग्यात, जिथं आपण बसू तिथं, आपल्या वजनाइतके दगड. पुढच्या तोंडाशी भिजवलेलं जाळं. गिरिधर कपाळाला हात लावून वाळूत बसला. पहिला डोंगा सुटला आणि पंधरा हातांवर भिंगरीसारखा फिरला. दुसरा काठाला जाऊन झाडोऱ्यात शिरला. गिरिधरचा लाडका निमुळता तीरासारखा सुटला, तो खालच्या बायकांच्या हाती जेमतेम लागला. चौथा तो आखूड डोंगा, गिरिधरच्या भाषेत गुरांपुढे ठेवायची दोण. ती हळूच आडवी झाली आणि आडवीच राहिली. तिच्या शेजारून एक वाळकं पान वाहत होतं. पान पुढे गेलं नाही, दोण मागे राहिली नाही. दोघं बरोबरीनं रुख्मिणीच्या हातापर्यंत आली.

जाळ्याला हेच हवं असतं. वल्हं धरायला तिसरा हात देवानं कोणाला दिलेला नाही, आणि भागीरथेबरोबर डोंग्यात दुसरं माणूस बसणार नव्हतं. तिनं हातातले चांदीचे गोट उतरवले आणि सुतारापुढे ठेवले. गिरिधर म्हणाला, असला डोंगा मी चालवणार नाही. ती म्हणाली, तुम्हाला कोण म्हणतं, भाऊजी? त्याला वाटलं, वहिनी रुसली.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी डोह उघडायचा होता. पहाटे धुकं होतं. गिरिधर दोर घेऊन वहिनीच्या अंगणात गेला, डोंगा आपल्या डोंग्यामागे बांधून न्यायला. अंगणात डोंगा नव्हता. सासू म्हणाली, गेली केव्हाची.

ती डोहाच्या डोक्यावर होती. नदी तिथं अरुंद होते आणि सगळ्यांना तिथूनच धारेत शिरावं लागतं. भागीरथेनं दोण त्या तोंडात आडवी घातली होती, दोन्ही टोकांना तळात बांबू रोवले होते आणि मधे जाळं मांडीवर घेऊन ती बसली होती. डोंग्यात, दोन्ही पायांनी. एकेक करून अकरा डोंगे आले आणि तिच्या वरच्या अंगाला थांबले. कोणी शिव्या दिल्या, कोणी देवाचं नाव घेतलं. उठायचं नाही, हे तिचं ठरलं होतं.

नानाजी काठावरच्या खडकावर उभे होते. आधी पुकारा, मग जाळं. एकेकाच्या नावानं डोंगा पुकारायचा, आणि डोंग्यात बसलेल्या माणसानं हो म्हणायचं. सगळे हो पडल्याशिवाय कोणी जाळं टाकायचं नाही. नानाजींनी ती बाई तिथं नाहीच असं धरून पुकारायला सुरुवात केली. दहा झाले. गिरिधरनं आपला अकरावा हो दिला. मग त्यांनी पुकारलं, "नत्थूचा डोंगा."

"हो," गिरिधरच पुन्हा म्हणाला.

नानाजींनी हात वर केला, आता तो खाली आला की डोह उघडणार. तेवढ्यात भागीरथा बोलली. वीस वर्षं बाजारात ओरडलेला गळा होता तो.

"घरच्यायचा डोंगा मागच्या हिवाळ्यात चुलीत जळला. भाऊजी हो म्हनले, त्यायले तो पान्यात दाखवू द्या. मी ज्याच्यात बसून राहिलो, त्याचं नाव अजून कोनी घेतलं नाही."

गिरिधरनं खाली पाहिलं. त्याच्याखाली एकच डोंगा होता आणि तो त्याच्या नावानं पुकारून झाला होता.

नानाजी म्हणाले, बाईच्या नावानं इथं आजवर पुकारा झालेला नाही. भागीरथा म्हणाली, मग आज डोह उघडत नाही. तिनं आवाज चढवला नाही. जाळ्याची गाठ सोडवू लागली. धुकं विरत होतं. ऊन पाण्यावर आलं की मासळी तळाला बसते, हे नानाजींना कोणी सांगायला नको होतं. अकरा डोंग्यांत माणसं गारठली होती आणि आता त्यांची कुरकुर भागीरथेवर नव्हती, खडकावरच्या माणसावर होती. एक म्हातारा स्पष्टच म्हणाला, डोंगा पाण्यात आहे, मग वाटा आहे, यात बाई-पुरुष कुठून आला?

काठावरून रुख्मिणी नवऱ्याला म्हणाली, "गाडी काय तुमच्यासाठी थांबनार आहे? काहून उगाच उन्हं चढवून राहिले? पुकारा ना."

नानाजींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग खाली मान घालून मिशीतल्या मिशीत ते काहीतरी पुटपुटले.

ते भागीरथेला ऐकू आलं होतं; ते तिचं नाव होतं. लग्न होऊन या काठाला आल्यापासून ती नत्थूची बायको होती, अमक्याची सून होती, मासळीवाली होती. ते नाव बावीस वर्षांत चारचौघांत कोणी घेतलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा तिला भयंकर राग आला.

"ऐकू आलं नाही, नानाजी," ती म्हणाली. "बाकीच्यायचं जसं पुकारलं, तसं पुकारा."

नानाजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुकारलं, "भागीरथेचा डोंगा."

पलीकडच्या काठावर म्हशी धुणाऱ्या माणसांनी माना वर केल्या.

"हो," भागीरथा म्हणाली, आणि तिनं बांबू उपसले.