बिनतारखेचा अर्ज

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण सोमवारच्या ग्रामसभेत ते सगळ्या गावासमोर बोलायचं आहे — आणि तिथं जीभ अडखळायला नको.

मी हिंगणीजवळच्या एका गावात रोजगार सेवक आहे. रोजगार हमीचं काम मागणाऱ्यांचे अर्ज घ्यायचे, कामांचे प्रस्ताव तालुक्याला पाठवायचे, हजेरी ठेवायची. मानधन जेमतेम, पण बायाबापड्या मला ‘सायेब’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू — ते ऐकायला गोड लागतं.

आता कायदा ऐका. तो कळल्याशिवाय माझं पाप कळायचं नाही. जॉबकार्ड असलेल्या माणसानं काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं. नाही दिलं, तर पुढे बेकारी भत्ता — पूर्ण मजुरी नाही, सुरुवातीला तिचा चौथा हिस्सा, पण हक्काचा. हे पंधरा दिवस मोजायचे कुठून? अर्जावरच्या तारखेपासून. आणि पुरावा काय? रोजगार सेवकानं दिलेली तारखेची पोच.

आमच्याकडे मात्र वेगळीच रीत. अर्ज घ्यायचा, तारखेची जागा कोरी ठेवायची, आणि काम मंजूर झालं की त्याच्या आदल्या आठवड्यातली तारीख टाकायची. पंधरा दिवस कधी भरतच नाहीत. भत्ता निघाला की चौकशी निघते ना — काम वेळेवर का दिलं नाही, चूक कोणाची? लोकांनाही यात वावगं वाटायचं नाही. उलट वाटायचं, सायेबानं लिखापढीचा त्रास वाचवला.

कांताकाकू आमच्या शेजारची. नवरा नाही, एकच मुलगी, शालू. माझी निवड झाली तेव्हा ग्रामसभेत पहिला हात काकूनंच वर केला होता. त्या वर्षी कापसाची वेचणी संपली आणि तिनं कामाचा अर्ज आणला. शालूची बारावीची परीक्षा तोंडावर होती. ती होईस्तोवर गाव सोडायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हटलं, तारीख नको टाकू, मी टाकतो. तिनं टाकली नाही.

शेतांकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर पडून होता. आज पाठवू, उद्या पाठवू — काम निघालंच नाही. मग सेलूच्या कुठल्याशा बैठकीत काकूला भत्त्याचं कळलं, आणि ती सरळ पंचायतीत आली. चार लोक बसलेले होते. मी तिचा अर्ज काढला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि म्हणालो, यावर तारीखच नाही.

“तूच तं म्हणलं होतं ना बाबू, तारीख नको टाकू म्हणून?”

“मी? मी काऊन म्हणीन तसं?”

कुणीतरी हसलं. मीही हसलो — हो, हसलो. काकूनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून निघून गेली. त्याच आठवड्यात ती शालूला घेऊन वीटभट्टीवर गेली. पोरीला घरी एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवणार? शालूची परीक्षा बुडाली. पुढे ती पुन्हा बसलीच नाही.

घाबरलो होतो, असं म्हणता येईल. पण हसायला कुणी सांगितलं होतं?

काल शालू स्वतः कामाचा अर्ज घेऊन आली. मी पेन पुढे केला, म्हटलं, तारीख टाक.

“आईनं सांगतलं, तारीख घरूनच टाकून न्यायची.”

तारीख होती — ठळक, दोनदा गिरवलेली. मी पोच लिहून दिली. तिनं तारखेशी तारीख ताडून पाहिली, मगच घडी घातली. मी समोर बसून होतो, आणि मला लाज वाटली.

सोमवारचं ठरलंय. काकूचा तो कोरा अर्ज अजून माझ्याकडे आहे; तो दाखवीन, रीत काय होती आणि ती कोण चालवत होतं, तेही सांगीन. काम जाईल, तर जाऊ दे. कांताकाकू ग्रामसभेत नेहमी पुढेच बसते. तिच्याकडे बघूनच बोलणार आहे — काकू, त्या दिवशी खोटं तू नाई, मी बोललो.