उणे तीन छेद पाच

हातखंब्याजवळच्या ज्युनियर कॉलेजात प्रभावती मॅडम तीस वर्षं गणित शिकवत होत्या. जूनमध्ये दुसऱ्या शिक्षकांची बदली झाली, जागा काही भरली नाही, आणि बारावीच्या जोडीला अकरावीच्या दोन्ही तुकड्या एकाच वर्गात कोंबून त्यांच्या गळ्यात पडल्या. घरी नवरा, महिपत, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. त्याचं सगळं आवरून त्या रत्नागिरीहून सकाळची एसटी धरत. दमायला त्यांना संध्याकाळ लागत नसे.

मंगळवारी शेवटच्या तासाला त्यांनी गणित घातलं. टॅन थीटा तीन छेद चार, थीटा तिसऱ्या चरणात. साइन आणि कॉस काढा. फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला. बाजू तीन आणि चार, म्हणजे कर्ण पाच. साइन तीन छेद पाच, कॉस चार छेद पाच. घंटा झाली. नव्वद जणांनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं.

परतीच्या एसटीत त्या तपासायला घेतलेल्या वह्या चाळत होत्या. शमिकाच्या वहीत त्यांचा हात थबकला. तिने आधी उणे तीन छेद पाच, उणे चार छेद पाच लिहिलं होतं. मग त्यावर काट मारून खाली फळ्यावरचं उत्तर.

काट मारलेलंच बरोबर होतं.

"का गो, आज गप्प गप्पशी?" जेवताना महिपतने जड जिभेने विचारलं.

"चुकीचं शिकवून आले," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्याला पुढचा घास भरवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच त्यांनी फळ्यावर दोन अक्ष काढले आणि कालचा त्रिकोण तिसऱ्या चरणात उतरवला. "काल मी चुकले. त्रिकोण नुसती लांबी सांगतो, चिन्ह चरण सांगतो. इथे आपण डावीकडे आलो, खालीही आलो. दोन्ही बाजू उणे, म्हणून साइनही उणे, कॉसही उणे. कर्ण तेवढा नेहमी धन." मग त्यांनी शमिकाला उभं केलं. "तुझं बरोबर होतं. खोडलंस कशाला?"

"मला वाटलं, माझंच चुकलं असणार. तुम्ही एवढी वर्षं शिकवताय, मॅडम."

"एवढी वर्षं शिकवतेय, म्हणूनच दमते गो. मी चुकले तर हात वर करायचा. ये, पुढचं तू सोडव."

कॉस थीटा उणे पाच छेद तेरा, दुसरा चरण. शमिकाने अडखळत त्रिकोण काढला, उभी बाजू बारा आली. "वर आहे, म्हणून साइन धन, बारा छेद तेरा. टॅन मात्र उणे, बारा छेद पाच." मागच्या बाकावरच्या रितेशने "टॅन उणे कसा?" म्हणून अडवलं. ती त्याला समजावत राहिली. मॅडम खुर्चीत टेकल्या. भर तासाला त्या कधी बसत नसत.

मधल्या सुट्टीत त्या प्राचार्यांकडे गेल्या. "सर, दोन्ही तुकड्या एकत्र मला झेपत नाहीत. माझ्या हातून चुका व्हायला लागल्यात."

हे वाक्य त्यांनी जूनपासून गिळलं होतं.

प्राचार्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. "दिवाळीनंतर कुणीतरी मिळेल. तोवर शेवटचा तास तरी काढतो तुमचा."

"काढा," त्या म्हणाल्या आणि बारावीच्या वर्गाकडे वळल्या.