टाळ्या मिळालेलं वाक्य

शैलाचा फोन आला तेव्हा मी रीडिंगहून निघालेल्या ट्रेनमध्ये होतो. "हे गेले हो भाऊजी," एवढंच ती म्हणाली... हार्ट अटॅक. माझा इतक्या वर्षांचा मित्र गेला, आणि मनात आधी आलं ते हेच, की अविनाशचं भाषण राहिलं. आज महिना होत आला, तरी ते डोक्यातून जात नाही.

ते भाषण म्हणजे इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या मराठी मंडळाचा नेमच. गणपतीत एका संध्याकाळी चर्चच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये आरती व्हायची आणि जेवणाआधी अविनाशचं व्याख्यान. हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा हा माणूस एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन आमदाराच्या अक्षरशः प्रेमात होता. रेल्वे कंपन्या मालवाहतुकीचे दर वाढवून छोट्या माणसांना नाडत होत्या, तेव्हा विधिमंडळात त्यांच्याशी एकटा भांडलेला हा लोकपक्षाचा आमदार. पुलाव थंड व्हायचा, बायका घड्याळाकडे बघायच्या, आणि याची रेल्वे काही हलायची नाही. आमदारसाहेबांना आज तरी लवकर घरी पाठव, असं आम्ही चिडवायचो. तोही हसायचा.

मग कधीतरी त्याला त्याच आमदाराचं उतारवयातलं एक भाषण सापडलं. मतं कमी व्हायला लागल्यावर साहेब रेल्वेला विसरले आणि चिनी मजुरांच्या मागे लागले. तुमची भाकरी हेच पळवतात, असं सांगून पुन्हा निवडून आले. अविनाश घरच्याच माणसाने फसवावं तसा दुखावला. त्या वर्षीच्या व्याख्यानात हा भाग त्याने गाळला.

पुढे लायब्ररी बंद होऊ नये म्हणून तो कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला. लायब्ररीचं कोणाला काही पडलं नव्हतं. पोलंडहून नुकती माणसं व्हिसाशिवाय येऊ लागली होती, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. एका सभेत कोणीतरी घरांच्या टंचाईबद्दल विचारलं, आणि अविनाश बोलून गेला, "आम्ही रांगेत उभे राहून आलो. हे सरळ आत येतात." हॉल दणाणला. टाळ्या वाजवणारे बहुतेक आपलेच होते. मी त्याला घरी सोडायला निघालो. गाडीत तो म्हणाला, "लायब्ररीला कधी टाळ्या नाही रे मिळाल्या..."

तो निवडून आला. अभिनंदनाचे फोन त्याला सोसवत नव्हते. शेजारची पोलिश बाई गुड मॉर्निंग म्हणाली की हा खाली बघायचा. यंदाच्या गणपतीत दोन्ही भाषणं सांगायची, आमदाराचं आणि स्वतःचं, आणि ते वाक्य सगळ्यांसमोर परत घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण श्रावणातच गेला.

शोकसभा मंडळाने त्याच हॉलमध्ये घेतली. अध्यक्ष अगदी भल्या मनाने बोलले. आपल्या सगळ्यांच्या मनातलं उघड बोलायची हिंमत एकट्या अविनाशमध्ये होती, असं सांगून त्यांनी ते रांगेचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. मला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. तेवढ्यात शैला उठली.

"ते वाक्य ह्यांना परत घ्यायचं होतं," ती म्हणाली.

 अध्यक्षांनी हात जोडले. "वहिनी, दमलात तुम्ही. बसा जरा."

मागे कोणीतरी चहाचे कप मांडायला लागलं. शैला उभीच होती.