जिथं नेटवर्क लागेल तिथपर्यंत

मनमाडला गाडीत बसले तेव्हा पिशवीत नांदेडच्या महाविद्यालयात द्यायचं भाषण होतं आणि डोक्यात आखातातल्या लढाईवरचा लेख. भाषण लिहून झालं होतं, लेख अर्धा व्हायचा होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी एका वर्तमानपत्रात दर पंधरवड्याला लिहिते. मोबाइल, सरकारी धोरणं, जगातल्या लढाया, कशावरही. नवरा म्हणतो, "तुला मत नाही असा एक विषय दाखव." त्याच्या या म्हणण्यावरही माझं मत आहे.

नांदेडला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. रिक्षावाल्याने गोदावरीच्या पुलावरून नेलं. पाणी आटलेलं होतं, पण काठावर अंघोळीला आलेल्या यात्रेकरूंची गर्दी होती. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या मराठी, हिंदी आणि पंजाबीत. एका दुकानात सरदारजी आणि गिऱ्हाईक पक्क्या नांदेडी मराठीत हुज्जत घालत होते. लंगरमध्ये पंगतीत बसून डाळ-रोटी जेवले. शेजारच्या बाईंनी "अजून घ्या की, लाजून राहिले काय?" असं म्हणत माझ्या वतीने आणखी एक रोटी मागून घेतली.

भाषण बरं झालं. जोडणी म्हणजे आजचा रस्ता, असं माझं म्हणणं होतं. गावाला वीज आणि पाणी जसं लागतं तसं नेटवर्क लागतं, आणि ते देणं ही सरकारची जबाबदारी आहे. शेवटी एका मुलीने विषय सोडून विचारलं, "मॅडम, गल्फमध्ये आपली इतकी माणसं अडकलीत. सरकारनं काय करावं?"

"सगळ्यांना ताबडतोब परत आणावं," मी म्हणाले. "यात दुसरं मत असूच शकत नाही."

टाळ्या पडल्या. लेखाचा शेवटही मला तिथेच सापडला.

माझे वडील गुरांचे डॉक्टर होते. देवणीची गाय हा त्यांचा आवडता विषय. त्यांनी ती खूप पाहिली, मी कधीच नाही. इतक्या जवळ आलेच आहे तर देवणीला जाऊन यायचं, असं घरूनच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने अहमदपूरला निघाले. लोहा मागे पडलं आणि रान उघडं होत गेलं. ज्वारी काढून झाली होती, कडब्याच्या गंजी लागल्या होत्या. काळ्या मातीत मधूनच करडईचा वाळलेला पट्टा, आणि बालाघाटच्या चढाला लागल्यावर पळस. फोटो काढून नवऱ्याला पाठवायला गेले तर जाईना. फोनवरच्या रेघा एकेक करत गेल्या आणि अहमदपूरच्या स्थानकात उतरले तेव्हा एकही उरली नव्हती.

स्थानकात सगळ्यांचंच तसं होतं. कोणी फोन वर धरून फिरत होतं, कोणी तो बंद-चालू करत होतं. रस्ता रुंद करायच्या कामात जेसीबीने केबल तोडली, असं कळलं. मला लगेच खात्यातले दिवस आठवले. गावाला एकच तार नेऊन थांबायचं नसतं, दुसऱ्या अंगाने दुसरी वाट ठेवावी लागते, म्हणजे एक तुटली तरी बोलणं चालू राहतं. ती दुसरी वाट घालायला खर्च येतो आणि तिचं उद्घाटन कोणी करत नाही. यावर एक लेख होईल, असं मनात म्हणत मी देवणीला जाणारी जीप शोधू लागले.

गफारभाई तिथे भेटले. पांढरी दाढी, डोळ्यांवर काळा चष्मा, जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे. मी काय करते ते विचारत त्यांनी भाव ठरवला आणि म्हणाले, "मॅडम, आणखी एक ताई येतील संगट. चालंल ना?"

"चालेल. कुठे जायचंय त्यांना?"

"जिथं नेटवर्क लागंल तिथं."

मला गंमत वाटली. जीपमध्ये आधीच बसलेल्या बाईंचा चेहरा पाहिला आणि ती ओसरली. सुनंदा कांबळे नाव. सरकारी आरोग्य खात्यात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. गफारभाई त्यांना 'सिस्टर' म्हणत. त्यांच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं याच सिस्टरनी केली होती. सुनंदाताईंनी फोन दोन्ही हातांत धरला होता.

जीप उदगीरच्या रस्त्याला लागल्यावर त्या आपणहून बोलल्या. मुलगी प्रज्ञा आखातात नर्स आहे. तिच्या शहरावर क्षेपणास्त्रं पडतायत. परत येणाऱ्यांच्या विमानात नाव घालायचं की नाही, ते तिला आज संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे.

"काल मला म्हणली, आई, येऊ का राहू? तू सांग. मी बोलणार तेवढ्यात फोन बंद पडला. तवापास्नं न्हाई लागला."

"तुम्ही काय सांगणार होतात?"

"ये म्हणणार होते. दुसरं काय सांगंल आई?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पेपरात लिहिता म्हणून गफारभाई म्हणले. तुम्हाला काय वाटतं?"

माझं उत्तर तयारच होतं. "यावं तिने. विमान आहे तोवर यावं. लढाई कशी वाढेल, सांगता येत नाही."

गफारभाईंनी आरशातून पाहिलं. "मॅडम बरोबर बोलल्या. सिस्टर, मीबी त्यातून गेलेला माणूस हाय. जवानीत होतो, तिकडं गाडी चालवायचो. लढाई पेटली तवा सरकारनं इमानानं (विमानानं) आणलं आम्हाला. खोटं कशाला बोलू, लई मेहरबानी झाली. पण इमानातून उतरल्यावर कोण पुसत न्हाई की बाबा, आता तू काय करणार. दोन साल घरी बसून राहिलो. बिरादरीत (नातेवाइकांत) तोंड दाखवायची शरम वाटायची. तरी बी सांगतो, बुलवून घ्या पोरीला. मी बसलो होतो, पण जिता बसलो होतो."

सुनंदाताईंनी मान हलवली. त्यांना निर्णयाची घाई होती आणि माझ्याजवळ तो आयता होता, एवढं पुरेसं आहे असं मला तेव्हा वाटलं.

उदगीरला एका टपरीवर थांबलो. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा पदार्थ) खाल्ला, वर दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. सुनंदाताईंनी बशी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. इथे फोनवर एक रेघ आली होती. त्यांनी नंबर लावला, तो लागला नाही. साधं बोलणं होत होतं, पण इंटरनेट नव्हतं आणि प्रज्ञाशी बोलणं व्हायचं ते इंटरनेटवरूनच. तेवढ्यात फोनची बॅटरी लाल झाली. माझ्या पिशवीतली पॉवर बँक मी त्यांच्या फोनला लावून दिली. टपरीवाला म्हणाला, "देवणीच्या पुढं जावा. शिवेवर कर्नाटकाचा टॉवर घावतो."

देवणी आली, गेली. वडिलांच्या आवडत्या गावाकडे मी नीट पाहिलंही नाही. तिघांचंही लक्ष फोनकडे. गावापासून बरंच पुढे, एका वळणावर फोनने आवाज केला. कानडीत संदेश आला, दुसऱ्या राज्यात आल्याचं स्वागत असावं.

"थांबवा!" सुनंदाताई ओरडल्या.

रेघा होत्या, तरी फोन लागेना. मी फोन मागून घेतला. परराज्याच्या टॉवरवर इंटरनेट चालायला एक बटण सुरू करावं लागतं, ते बंद होतं. ते केलं आणि एकदम संदेशांची रांग लागली. सगळे प्रज्ञाचे. सुनंदाताईंनी ते वाचले नाहीत, सरळ फोन लावला. रस्त्याकडेला बाभळीखाली उभ्या राहिल्या. ऐकू नीट येत नव्हतं म्हणून फोनचा स्पीकर लावला, त्यामुळे आम्हालाही सगळं ऐकू आलं.

"आई! जय भीम. कुठं होतीस तू?"

"जय भीम. तार तुटली होती. जेवलीस का?"

"जेवले. आई, थोड्या वेळात सांगायचंय मला. काय करू?"

सुनंदाताईंनी तोंड उघडलं आणि थांबल्या. फोनमधून मागे एक बारीक ठेका ऐकू येत होता, टिक, टिक, टिक.

"आवाज कशाचा हाय त्यो?"

"बाळांच्या मशीनचा. दिवस भरायच्या आधी झालेली बाळं आहेत. वरून तळघरात आणलीत सगळी."

"नर्सा किती हायत?"

"खूप होतो. आता आम्ही तिघीच. त्यातली एक उद्याच्या विमानाने चाललीय."

"म्हंजी तू निघालीस तर एकटीच उरती."

"हाव."

गफारभाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तुझं काय म्हणणं हाय, प्रज्ञा?"

"मला भीती वाटती, आई."

"वाटणारच. मी ते न्हाई विचारलं."

पलीकडे नुसता तो ठेका. मग प्रज्ञा म्हणाली, "राहावंसं वाटतंय. पण तू ये म्हणलीस तर मी येते."

सुनंदाताईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. "ऱ्हा," त्या म्हणाल्या. आणि लगेच, कामाच्या ठिकाणी सूचना द्याव्यात तशा आवाजात, "झोपायचं तळघरातच. पायात बूट घालून झोप. पासपोर्ट अंगावर असू दे. पाण्याची बाटली भरून उशाला. कळलं का?"

"कळलं."

"ठेव आता. बाळांकडं बघ."

त्यांनी फोन बंद केला. गफारभाईंचा तोल गेला. "हे काय केलं सिस्टर तुम्ही? रस्ताभर ये म्हणायचं ठरवत आलो आपण! एकुलती एक लेक हाय तुमची!" आणि उत्तराची वाट न पाहता ते जीपच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना दिसले. मुलगी सिस्टरची, आणि रडत होते गफारभाई.

मी सुनंदाताईंना पाण्याची बाटली दिली. त्यांना झाकण उघडता येईना. मी उघडून दिली. पाणी पिऊन त्या बांधावर बसल्या.

"भूकंप झाला तवा मी नवीनच नोकरीला लागले होते," त्या म्हणाल्या. "आम्हाला किल्लारीच्या बाजूला नेलं. जमीन अजून हलायची अधनंमधनं. माझी आई मला न्यायला आली, चालत, ट्रकात बसून, कशी कशी. तंबूत पायाशी बसली आणि म्हणली, घरी चल. मी न्हाई गेले. समोर पोरं पडली होती, कशी जाणार? आई रागानं वापस गेली. लई दिवस बोलली न्हाई माझ्याशी." बाटलीचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "लोक अनवाणी पळाले होते. काचांनी, पत्र्यांनी पाय फाटलेले. म्हणून बूट घाल म्हणले तिला."

मग त्यांनी माझ्याकडे थेट पाहिलं. "चुकलं का हो माझं?"

नांदेडला भरल्या सभागृहात मी ज्या प्रश्नाला एका दमात उत्तर दिलं होतं, तोच हा प्रश्न. मी म्हणाले, "मला माहीत नाही, ताई."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती एवढीच गोष्ट मी त्यांच्याशी त्या दिवशी खरी बोलले असेन.

शेजारच्या शेतात एक गाय बांधली होती. पांढऱ्या अंगावर काळे, वेडेवाकडे ठिपके, शाई सांडल्यासारखे. ही देवणीची गाय, शेवरा म्हणतात या रंगाला, असं शेतातल्या बाईंनी सांगितलं. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं बहुतेक. काही न विचारता धपाटे आणि दही आणून दिलं. सुनंदाताईंनी सकाळपासून पहिल्यांदाच काही खाल्लं. गफारभाईही आले, डोळे पुसून. धपाट्याचा तुकडा मोडत सुनंदाताईंना म्हणाले, "उद्या परत आणतो तुम्हाला इथं. तार जोडली न्हाई तर रोज आणीन."

त्यांनी मला लातूरला सोडलं आणि मी गाडीने घरी परतले. लेख पूर्ण केला, पण आधी ठरलेला शेवट खोडला. सरकारने माणसांना परत आणावं, हे मत माझं आजही आहे. पण 'आणणं' हे सरकारचं काम आणि 'येणं' हे माणसाचं, आणि या दोहोंच्या मध्ये कधी कधी तळघरातली बाळं असतात, याचा विचार मी केला नव्हता. म्हणून लिहिलं की, आज जो थांबेल त्याच्यासाठी उद्याचंही विमान असलं पाहिजे, थांबला म्हणून त्याचं नाव मागे पडता कामा नये. आणि उतरल्यावर 'आता काय करणार?' असं विचारणारं कोणीतरी विमानतळावर उभं असलं पाहिजे. दुसऱ्या वाटेच्या तारेवरही लिहिलं. लेख छापून आला. त्याने काही बदललं असेल असं वाटत नाही.

त्यानंतर मी बातम्या पूर्वीसारख्या वाचू शकले नाही. नकाशावर लाल ठिपका दिसला की तो त्या रुग्णालयापासून किती लांब आहे, हे शोधत बसायची. सुनंदाताईंना फोन करायची. मध्ये एक आठवडा असा गेला की प्रज्ञाचा काहीच निरोप नव्हता आणि त्या फोन उचलून फक्त "न्हाई, अजून न्हाई" एवढंच म्हणायच्या.

चैत्र सरत आला तेव्हा एका दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज इतका हळू की मी घाबरले.

"ताई, काय झालं? बोला ना."

"आली," त्या कुजबुजल्या. "सगळी बाळं दुसऱ्या दवाखान्यात पोहोचवून आली. सकाळधरनं झोपलीय. बूट काढायचं बी भान न्हाई राहिलं. उठवू का? बोलता का तिच्याशी?"

"नको," मी म्हणाले. "झोपू द्या तिला."