वाकड्या चिरुटाची वाटणी

परवा संध्याकाळी चिकपेटेतून चालले होते. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास त्या गल्लीत इतका मुरलेला आहे की आम्हा तिथल्यांना तो जाणवतही नाही. एका दुकानाच्या पायरीवर कुणी म्हातारे गृहस्थ चिरूट ओढत बसले होते. तो जड, गोडसर, किंचित जळक्या लाकडासारखा धूर खळीच्या वासाला बाजूला सारत माझ्यापर्यंत आला आणि मी थबकले. तंबाखूच्या वासाने थबकावे अशी मी नव्हे. ज्या घरात मी वाढले, तिथे चिरूट ही शिवी होती.

आमचा छापखाना याच गल्लीच्या टोकाशी. आमच्या घराण्याला बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की मराठी घराच्या उंबऱ्याआत उरली आहे, बाहेर कानडी. अक्षरओळख मात्र मला पुस्तकांनी करून दिली नाही. ती दिली पत्रकांनी. चुकून दोनदा छापलेली, शाई सांडलेली पत्रके अण्णा, म्हणजे माझे वडील, मला खेळायला देत, आणि ‘कामगार बंधूंनो’ हे शब्द मी ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचायला शिकले. अण्णांकडे भांडवलदाराचे चित्र छापायचा एक लाकडी ठोकळा होता. सुटलेले पोट, साखळीचे घड्याळ आणि तोंडात मांडीएवढा जाड, सरळ चिरूट. संप कुठलाही असो, पत्रकाच्या डोक्यावर तो माणूस हजर. त्यामुळे पुढे क्युबातल्या दाढीवाल्या क्रांतिकारकांचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले आणि त्यांच्याही तोंडात चिरूट दिसला, तेव्हा मी हादरले. मला वाटले, चित्रात कुणीतरी खोडसाळपणा केला आहे. अण्णांना विचारले, तर त्यांनी पान उलटले.

छापखाना तिघांचा होता. एक अण्णा. दुसरे फिटरकाका, पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आलेले, हिंदीत भाषण करणारे आणि मराठीत भांडणारे. तिसरे मास्तरकाका, शाळेत गणित शिकवणारे कानडी गृहस्थ, ज्यांचे मराठी आमच्याच माजघरात घडले होते. तिघांनी मिळून पायाने चालवायचे ते छपाईचे यंत्र घेतले होते, आणि लहानपणी मला वाटे की हे तिघे भाऊच आहेत, आडनावे तेवढी चुकून वेगळी पडली आहेत.

फिटरकाका एकदा कामगारांच्या परिषदेसाठी पूर्व युरोपात जाऊन आले. येताना त्यांनी टेबलावर एक वस्तू ठेवली. तीन बारीक चिरूट वेणीसारखे एकमेकांत पिळलेले, दोन्ही टोकांना फीत. परिषदेला आलेल्या क्युबाच्या एका चिरूट वळणाऱ्या कामगाराने ते त्यांना दिले होते. त्या जातीला तिकडे कुलेब्रा म्हणतात, म्हणजे साप. फिटरकाकांना पुढे बरेच सांगायचे होते, पण अण्णा म्हणाले, मालकाच्या तोंडातली वस्तू माझ्या टेबलावर नको. मास्तरकाकांनी तोड काढली की विकून पैसे फंडात टाकावेत. त्यांच्याबरोबर मीही कँटोन्मेंटातल्या तंबाखूच्या दुकानात गेले. दुकानदाराने ती वेणी उचलून पाहिली आणि हसला. असला वाकडा माल साहेब असतानाही कुणी घेत नसे, म्हणाला. लोकांना चिरूट सरळ लागतो, हा नीट ओढला जाणार नाही असेच त्यांना वाटते. जाताना एवढे मात्र सांगितले की डब्यात ओलसर फडके घालून ठेवा, नाहीतर भुगा होईल. घरी आल्यावर तो डबा कुणालाच नको होता. आईने तो फडताळात ठेवला.

मग तिघेही ज्या पक्षात होते त्यात फूट पडली. तुम्हीही त्या दिवसांतून गेला असाल तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल. अण्णा एका बाजूला गेले, फिटरकाका दुसऱ्या, आणि मास्तरकाका दोघांनाही वेडे म्हणत मधेच उभे राहिले. भांडण मला समजत होते. भांडणावरच तर मी वाढले होते. पण एके सकाळी अण्णांनी आपल्या कागदाच्या रिमांच्या पेटीला कुलूप घातलेले मला दिसले. चार दिवसांनी फिटरकाकांच्या पेटीलाही कुलूप दिसले. ठरले ते असे की यंत्र विकायचे आणि खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, वजनावर तिघांत वाटायचे. मला वाईट वाटत होते, तरी मी त्या निर्णयाच्या बाजूने होते. तत्त्वावर तुटायचे तर स्वच्छ तुटावे, असे मी मानत होते.

वाटणीच्या संध्याकाळी टेबलावर तराजू आला. मराठी खिळे एका ढिगात, कानडी दुसऱ्यात. तिघेही एकमेकांशी न बोलता तराजूच्या काट्याशी बोलत होते. तेवढ्यात आई आतून आली आणि तिने तो डबा तराजूच्या शेजारी ठेवला.

“हेही वाटून घ्या,” ती म्हणाली. “सगळं नीट वाटताय, मग हे का माझ्या फडताळात?”

डबा उघडला तर फडके ओले होते. इतके महिने ती ते ओले करत राहिली होती. परदेशातून आलेली वस्तू वाळवून टाकायची का, एवढेच तिचे म्हणणे.

फिटरकाकांनी फीत सोडली आणि वेणी हळूहळू उलगडायला घेतली. घाई केली तर वरचे पान फाटते, म्हणाले. हात गुंतलेले असताना त्यांचे मागे अर्धवट राहिलेले सांगणे सुरू झाले. त्या कामगाराने त्यांना सांगितले होते की जुन्या काळी कारखान्यात वळणाऱ्यांना रोज थोडे चिरूट फुकट मिळत. पण मालकांना भीती की हे आपला वाटा म्हणून चांगला माल बाहेर नेतील आणि विकतील. म्हणून कामगारांच्या वाट्याचे चिरूट असे पिळून देत. वाकडा असेल तर त्याचा स्वतःचा, सरळ सापडला तर चोर. खरेखोटे त्यांना ठाऊक नव्हते, पण तिकडे म्हणे सगळे असेच सांगतात.

मी सुन्न झाले. ज्या वस्तूला आम्ही मालकाची म्हणून हाकलले ती कामगाराची होती, आणि तिचा वाकडेपणा हा त्याच्यावरच्या संशयाचा शिक्का होता. मी अण्णांकडे पाहिले. ते भिंतीकडे, जिथे कुलपे लावलेल्या पेट्या होत्या, तिकडे पाहत होते. मग अण्णांनी हात पुढे केला.

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले, “माझा वाटा द्या.”

माझ्या वडिलांनी चिरूट पेटवला. हे वाक्य आजही लिहिताना हात अडखळतो. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही. फिटरकाकाही खोकत होते. धक्का दिला तो मास्तरकाकांनी. बिडी ओढणाऱ्या पोरांना छडीने सोलून काढणारा हा माणूस जन्मभराच्या सवयीने ओढावा तसा संथ झुरके घेत होता. फिटरकाकांनी विचारले, मास्तर, हे कुठल्या इयत्तेत शिकलात? त्यावर मास्तरकाका म्हणाले, “स्वल्प थांबा. धूर तोंडात असताना शिकवू नये.” आणि कित्येक महिन्यांनी त्या खोलीत हसू फुटले. चिरूट उलगडले तरी सरळ झाले नव्हते. तीन वाकडे चिरूट, तीन खोकणारी तोंडे. धूर विरेपर्यंत अंधारून आले आणि खिळे तसेच ढिगात राहिले.

एवढ्यावर गोष्ट संपती तर मी ती गोड मानून घेतली असती. दुसऱ्या दिवशी फिटरकाका हातात मजकूर घेऊन आले. त्यांच्या पक्षाचे पत्रक. त्यात अण्णांच्या गटाला, आणि आडवळणाने अण्णांनाही, कामगारांशी बेइमान म्हटले होते. अण्णांनी ते शांतपणे वाचले आणि त्याचे खिळे जुळवायला घेतले. मी प्रूफ पाहायला साफ नकार दिला. अण्णा मला म्हणाले, “त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत छापायचं. उत्तर माझ्या पत्रकात देईन.” रागाने माझ्या अंगाची लाही झाली. हा समेट नव्हता, ही माघारही नव्हती, आणि माझ्याजवळच्या कुठल्याच पत्रकात याला नाव नव्हते. रिमांची कुलपे मात्र त्या दिवशी निघाली. त्यानंतर चिकपेटेच्या भिंतींवर तिघांची पत्रके शेजारी शेजारी लागत, एकमेकांचे वाभाडे काढणारी, आणि तिन्हींच्या तळाशी छापखान्याचे नाव एकच. लोक हसत. मी मान खाली घालून जाई.

अजूनही मला ते पुरते पटलेले नाही. पण गेल्या महिन्यात मी स्वतः एक पत्रक लिहिले, तिघांच्याही विरोधात. या छापखान्यात इतकी वर्षे कागदांच्या घड्या कुणी घातल्या, पत्रके चिकटवायची खळ कुणी शिजवली, आणि पत्रकांतल्या ‘बंधूंनो’मध्ये घरातली ती बाई कधी का आली नाही, असा मजकूर होता. मी तो अण्णांसमोर ठेवला आणि भांडायच्या तयारीने उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला. शेवटपर्यंत वाचले. चेहरा उतरला, हे मला दिसले. मग ते खिळ्यांच्या खणाकडे वळले आणि पहिली ओळ जुळवू लागले. मजकूर माझाच, शब्द माझेच, एकही न बदलता. आई दारात उभी राहून पाहत होती.

माणसे म्हातारी होतात, पक्ष फुटतात, कालचे शत्रू उद्या कोण असतील हे कुणाला सांगता येत नाही. त्या वेळी मला फक्त अण्णांची बोटे दिसत होती, स्वतःवरचा आरोप एकेक अक्षर उचलून नीट जागेवर बसवणारी.